पेशींची वाढ आणि तिचा लगाम



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी विज्ञानाचे पहिले धडे गिरविले, त्याच शाळेत, ज्यांनी ते धडे दिले त्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत बोलण्याची संधी मला लाभली, हा मी माझा बहुमान समजतो. पुढे आयुष्यभर मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकविले. परंतु आज जो विषय मी आपल्यापुढे मांडणार आहे, त्याचे बीज महाविद्यालयात पडलेले नाही. ते इथे, या शाळेमागच्या शेतात पडले.

1967 सालचा जून महिना होता. पाऊस नुकताच लागला होता आणि रात्रभर बेडकांचे ओरडणे चालू असे. एके दिवशी पहाटेच गुरुजींनी आम्हां चारपाच मुलांना बोलावून घेतले. मेरेजवळच्या डबक्यातून त्यांनी बेडकाची अंडी काचेच्या बरणीत आणली होती. साबुदाण्याच्या खिरीसारखा तो बुळबुळीत पुंजका, आणि त्यातला प्रत्येक दाणा वरून काळसर, खालून फिकट. गुरुजींनी हातात भिंग दिले आणि म्हणाले, ‘‘घाई करू नका. पाहात राहा.’’ आम्ही पाहात राहिलो. एका दाण्यावर मधोमध एक बारीक चीर उमटली, ती हळूहळू खोल गेली आणि एकाचे दोन झाले. शाळेची घंटा होईपर्यंत दोनांचे चार आणि चारांचे आठ झाले. आमच्यापैकी एकाने विचारले, ‘‘गुरुजी, हे थांबणार कधी?’’ गुरुजी क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘प्रश्न चांगला आहे. उत्तर मला ठाऊक नाही.’’

पुढे अभ्यास करताना माझ्या ध्यानात आले की त्या वर्षी ते उत्तर जगात कोणालाच नीटसे ठाऊक नव्हते. आज ते बरेचसे ठाऊक झाले आहे. त्या प्रश्नाचे उत्तर, साठाच्या आसपास वर्षे उशिरा का होईना, गुरुजींच्या चरणी ठेवावे, एवढाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे, हे आता शाळकरी मुलांनाही माहीत असते. पेशी म्हणजे एका पातळ आवरणातला जिवंत द्रवाचा थेंब. त्यात मध्यभागी केंद्रक, आणि केंद्रकात आनुवंशिक मजकूर जतन करणारी गुणसूत्रे. माणसाच्या पेशीत ती 46 असतात. हा साधा आकडासुद्धा 1956 पर्यंत निश्चित झालेला नव्हता. त्यापूर्वीची पुस्तके 48 सांगत. पेशी ही आधीच्या पेशीपासूनच जन्मते, कोठून तरी आपोआप उद्भवत नाही, हा सिद्धांत जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ठामपणे मांडला. याचा अर्थ असा की आपल्या देहातील प्रत्येक पेशीची वंशावळ त्या एका फलित अंड्यापर्यंत अखंड जाऊन भिडते.

प्रौढ माणसाच्या देहात सुमारे 37 लाख कोटी पेशी असतात असा एक अंदाज आहे. आकडा ऐकून छाती दडपते. परंतु दुप्पट होण्याचा हिशेब विलक्षण असतो. एकाचे दोन, दोनांचे चार असे 45 वेळा केले की 35 लाख कोटींचा टप्पा ओलांडला जातो. तेव्हा एवढ्या पेशी निर्माण होणे हे फारसे आश्चर्याचे नाही. शेचाळिसावी, सत्तेचाळिसावी दुप्पट होत नाही, हे आश्चर्याचे आहे. हात कोपरापाशी वाढायचा थांबतो, कान कानाएवढाच राहतो. वाढीला लगाम कोण घालतो?

त्याकडे वळण्यापूर्वी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. वाढणे आणि विभागणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. बेडकाच्या अंड्यात आम्ही जे पाहिले त्यात विभाजन होते, वाढ मात्र नव्हती. दाणा तेवढाच राहिला. त्याचे तुकडे अधिकाधिक लहान होत गेले. आईने अंड्यात आधीच भरून ठेवलेल्या शिदोरीवर ते चालते. याच्या उलट उदाहरण मज्जापेशीचे. ती विभागत नाही, पण तिचा तंतू कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत लांबत जातो. येथे वाढ आहे, विभाजन नाही. आपली कातडी, आतड्याचे अस्तर, अस्थिमज्जा येथील पेशींना मात्र दोन्ही गोष्टी बरोबरीने साधाव्या लागतात. आधी दुप्पट वाढायचे, मग समान दोन व्हायचे. वाढल्याशिवाय विभागत गेली तर पेशी पिढीगणिक लहान होईल. विभागल्याशिवाय वाढत राहिली तर तिच्या पृष्ठभागातून आत येणारे अन्न व प्राणवायू तिला पुरणार नाहीत.

वाढ म्हणजे नेमके काय? पेशीतील प्रथिने, स्निग्ध पदार्थ, प्रथिने घडविणारे सूक्ष्म कण, ऊर्जा पुरविणाऱ्या कणिका हे सारे सुमारे दुप्पट करणे. यासाठी कच्चा माल लागतो. रक्तातून ॲमिनो आम्ले व साखर पुरेशी येत आहे की नाही, याची चाचपणी करणारी यंत्रणा पेशीत असते. पुरवठा कमी पडला तर ती बांधकाम आवरते घेते. कुपोषित बालकाची उंची खुंटते तिच्या मुळाशी जी अनेक कारणे असतात, त्यांतील एक हे आहे. पेशी कंजूष नसते. ती हिशेबी असते.

आता विभाजनाकडे वळू. प्रयोगशाळेत वाढविलेली मानवी पेशी साधारण 24 तासांत एक फेरा पूर्ण करते. या फेऱ्याचे चार टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात, सुमारे 11 तास, पेशी वाढते आणि पुढे जावे की नाही याचा निर्णय घेते. दुसऱ्यात, सुमारे 8 तास, ती आपल्या आनुवंशिक मजकुराची नक्कल करते. तिसऱ्यात, सुमारे 4 तास, ती नकलेची तपासणी आणि पुढची सिद्धता करते. चौथा टप्पा प्रत्यक्ष विभाजनाचा. त्याला जेमतेम एक तास लागतो. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा तो सारा सोहळा एका तासाचा, आणि त्याची तयारी तेवीस तासांची. ज्यांच्या घरी लग्नकार्य झाले आहे त्यांना हे प्रमाण चमत्कारिक वाटणार नाही.

नकलेचे काम किती मोठे आहे ते पाहा. एका मानवी पेशीतील डीएनएच्या मजकुरात सुमारे 600 कोटी अक्षरजोड्या असतात. त्या सर्व आठ तासांत, हजारो ठिकाणी एकाच वेळी आरंभ करून, उतरवून काढल्या जातात. उतरवून घेणारे विकर स्वतःच मागे वळून चूक खोडते, आणि त्यामागून दुरुस्तीचे दुसरे पथक येते. सर्व दुरुस्त्यांनंतर शंभर कोटी अक्षरांत फार तर एखादी चूक उरते. गुरुजी आमची शुद्धलेखनाची वही तपासत तेव्हा त्यांच्या नजरेतूनही क्वचितच काही सुटे. पण ही तपासणी त्याहूनही कडक आहे. तरीसुद्धा ती निर्दोष नाही. पेशी जितक्या वेळा विभागेल, तितकी चूक राहून जाण्याची संधी वाढते. हे वाक्य कृपया ध्यानात ठेवावे. त्याकडे मी परत येणार आहे.

प्रत्यक्ष विभाजनाचे सुरेख वर्णन जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग याने 1882 साली केले. सॅलॅमँडर नावाच्या, बेडकाच्याच दूरच्या भाऊबंदाच्या पेशी रंगवून त्याने त्या पाहिल्या होत्या. एरवी विसकटलेल्या सुताच्या गुंत्यासारखी असणारी गुणसूत्रे आखडून जाड होतात. प्रत्येक गुणसूत्र आता जोडीने असते: मूळ प्रत आणि नक्कल, कमरेशी एकत्र बांधलेली. पेशीच्या दोन टोकांपासून चातीच्या आकाराचे तंतू निघतात आणि प्रत्येक जोडीला दोन्ही बाजूंनी धरतात. येथे एक विलक्षण शिस्त पाळली जाते. शाळेच्या मैदानावर रस्सीखेच सुरू होण्यापूर्वी पंच दोन्ही बाजूंच्या प्रत्येक गड्याचा हात दोरीवर आहे ना, हे पाहतो आणि मगच शिटी वाजवितो. पेशीतही तसेच आहे. 46 पैकी 45 जोड्या व्यवस्थित धरल्या गेल्या आणि एकच सुटी राहिली, तरी ती एक जोडी साऱ्या पेशीला थोपवून धरते. ती धरली गेली की मगच कमरेचे बंध तुटतात आणि दोन प्रती दोन दिशांना जातात.

यानंतर प्राण्यांची पेशी वनस्पतींच्या पेशीपासून वेगळी वाट धरते. वनस्पतीची पेशी मधोमध नवी भिंत उभारते. प्राण्याच्या पेशीला कडक भिंत नसते. ती कमरेत आवळली जाते. तिच्या आवरणाखाली एक वर्तुळाकार पट्टा तयार होतो आणि तो आकुंचन पावत जातो. माझी आजी पानसुपारीच्या चंचीची दोरी ओढून तोंड आवळी, अगदी तसे. या पट्ट्यात जी दोन प्रथिने काम करतात, त्याच घराण्यातली प्रथिने आपला दंड आखडताना स्नायूत काम करतात. बेडकाच्या अंड्यावर आम्ही पाहिलेली चीर ती हीच.

आता मूळ प्रश्न: पुढे जा आणि थांब, हे पेशीला कोण सांगते?

‘पुढे जा’ याचे उत्तर आधी मिळाले. अमेरिकेत लेलंड हार्टवेल आणि इंग्लंडमध्ये पॉल नर्स यांनी किण्व, म्हणजे यीस्ट, या एकपेशीय जीवावर काम करून हा फेरा हाकणारी जनुके शोधली. टिम हंट यांनी 1982 साली समुद्री साळूच्या अंड्यांत असे एक प्रथिन पाहिले, की जे विभाजनापूर्वी साठत जाते आणि विभाजन होताच नाहीसे होते. रहाटाचे पोहरे भरून वर यावेत आणि रिकामे होऊन खाली जावेत, तसा हा क्रम चालतो. हे प्रथिन पुरेसे साठले की ते एका विकराला जागे करते आणि ते विकर पेशीला विभाजनात ढकलते. 1987 साली नर्स यांच्या प्रयोगशाळेत असे दिसून आले की किण्वातील हे जनुक बिघडविले आणि त्या जागी माणसाचे जनुक घातले, तर किण्वाचे काम सुरळीत चालते. ताडीच्या मडक्यातला जीव आणि आपण यांच्यात शंभर कोटी वर्षांचे अंतर पडले असेल. पण विभाजनाचे यंत्र एकच आहे. या तिघांना 2001 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु आपल्या देहातील पेशी किण्वासारखी स्वतंत्र नाही. तिला शेजारधर्म आहे. अन्न मिळाले म्हणून ती विभागत नाही. शेजाऱ्यांकडून तसा रासायनिक निरोप यावा लागतो. असा एक निरोप्या स्टॅन्ली कोहेन यांना उंदराच्या लाळग्रंथीत सापडला. रिता लेवी-मोंताल्चिनी यांच्यासह त्यांना 1986 साली नोबेल पारितोषिक मिळाले. निरोप आला तरी लगाम असतातच. निरोगी पेशी चहूबाजूंनी शेजाऱ्यांना टेकली की विभागणे थांबविते. जखम झाली की कडेच्या पेशींपुढची जागा मोकळी होते, त्या विभागू लागतात, आणि फट बुजली की पुन्हा शांत होतात. मजकुरात बिघाड आढळला तर पी-त्रेपन्न नावाचे एक प्रथिन फेरा रोखते. दुरुस्ती जमली तर पेशी पुढे जाते. न जमली तर ते प्रथिन त्या पेशीला स्वतःचा शांतपणे अंत करावयास लावते. शिवाय विभाजनांची संख्याही मोजलेली असते. लेनर्ड हेफ्लिक यांनी 1961 साली दाखवून दिले की मानवी पेशी काचपात्रात सुमारे 50 वेळा विभागतात आणि मग थांबतात.

असे एकावर एक लगाम आहेत. ते एकामागून एक तुटले, म्हणजे जे होते त्याला आपण कर्करोग म्हणतो. तो बाहेरून आलेला शत्रू नव्हे. ती आपलीच पेशी असते. तिला थांबण्याचा विसर पडलेला असतो. माणसांच्या कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत पी-त्रेपन्नचे जनुक बिघडलेले आढळते.

या विद्येच्या इतिहासात मराठी माणसांचा वाटा आहे, आणि तो आपल्या मुलांना सांगितला पाहिजे. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे भारतातील विकृतिशास्त्राचे एक आद्य प्रवर्तक. खानोलकर म्हटले की आपल्याला वेंगुर्ल्याकडचे खानोली गाव आठवते. 1941 साली मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले तेव्हापासून त्यांनी तेथील प्रयोगशाळांची धुरा वाहिली. आपल्या देशात कोणत्या सवयींबरोबर कोठला कर्करोग येतो, याचा त्यांनी बारकाईने शोध घेतला. तंबाखू चघळण्याचा व ओढण्याचा तोंडाच्या कर्करोगाशी असलेला संबंध त्यांनी त्या काळात लोकांपुढे ठेवला. 1952 साली स्थापन झालेले भारतीय कर्करोग संशोधन केंद्र त्यांच्याच पुढाकाराने उभे राहिले.

त्यांच्या शिष्या डॉ. कमल रणदिवे. जन्म पुण्याचा, 1917 सालचा. शिक्षण हुजूरपागा आणि फर्ग्युसन महाविद्यालय येथे. सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांवर त्यांनी आरंभी काम केले आणि 1949 साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. त्यानंतर त्या अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. याच गाय यांनी 1951 साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या, पाच मुलांची आई असलेल्या एका कृष्णवर्णीय महिलेच्या अर्बुदातील पेशी काचपात्रात वाढविल्या होत्या. त्यासाठी त्या महिलेची संमती घेतलेली नव्हती, हेही येथे नमूद केले पाहिजे. ती माऊली त्याच वर्षी 4 ऑक्टोबर रोजी, वयाच्या 31 व्या वर्षी, निवर्तली. तिच्या पेशी मात्र आजही जगभरच्या प्रयोगशाळांत विभागतच आहेत, पन्नासाचा हिशेब न मानता. लगाम तुटलेल्या पेशीचे याहून बोलके उदाहरण नाही.

ही विद्या शिकून कमलताई भारतात परतल्या आणि त्यांनी मुंबईत देशातील पहिली ऊतक-संवर्धन प्रयोगशाळा उभी केली. उंदरांच्या वाणांवर प्रयोग करून स्तनाच्या कर्करोगात अंतःस्रावांचा वाटा कोणता, हे त्यांनी तपासले. 1982 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्या अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा करण्याच्या कामात पडल्या. पेशीची वाढ काचपात्रात पाहिलेल्या विदुषीने शेवटी मुलांची वाढ मोजावयास घेतली, यात मला एक सुसंगती दिसते.

आता मुंबईहून पुन्हा आपल्या गावी येऊ. मघाशी मी आजीच्या चंचीचा उल्लेख केला. आजी फणसाच्या पानात तंबाखू वळून विडी करी आणि ती उलटी, म्हणजे पेटते टोक तोंडात ठेवून, ओढी. वाऱ्यापावसात विझत नाही, असे ती सांगे. ही रीत तिच्या एकटीची नव्हती. गोव्यातील खेड्यांत अशा उलट्या विड्या ओढणाऱ्यांची, 5449 ग्रामस्थांना तपासून केलेली एक पाहणी 1976 साली प्रसिद्ध झाली आहे. आजीच्या टाळूवर पांढरा चट्टा पडला होता. त्याला दुखत नव्हते, म्हणून कोणी लक्ष दिले नाही. पुढे तेथे जखम झाली. मीठपाण्याच्या गुळण्या झाल्या, झाडपाला झाला. पणजीस नेली तेव्हा सहा महिने उलटून गेले होते. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. त्या वेळी मी या शाळेत नववीत होतो. बेडकाच्या अंड्याची बरणी आणि आजीचे तोंड यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे मला कोणी सांगितले नाही, आणि सांगणार तरी कोण?

तो संबंध आज सांगता येतो. तोंडाचे अस्तर सतत झिजते आणि सुमारे दोन आठवड्यांत नवे होते. पेटते टोक रोज त्याला भाजी, म्हणून तेथील पेशींना भरपाईसाठी अधिकच वेळा विभागावे लागे. तंबाखूतील द्रव्ये त्याच वेळी मजकुरात बिघाड करीत. जितकी अधिक विभाजने, तितकी चूक राहून जाण्याची संधी अधिक, हे वाक्य मी मघाशी ध्यानात ठेवावयास सांगितले होते. वर्षानुवर्षे एकेक लगाम असा झिजत गेला आणि शेवटी तुटला.

उलटी विडी आता क्वचितच दिसते. परंतु तंबाखू गेलेली नाही. तिने वेष बदलला आहे. ती चकचकीत पुड्यांतून येते आणि शाळकरी मुलांच्या खिशापर्यंत पोहोचते. म्हणून या व्याख्यानातील सारे विसरलात तरी एवढे विसरू नका. निरोगी अस्तर दोन आठवड्यांत नवे होते. तेव्हा तोंडातील जी जखम किंवा चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा होत नाही, तो दुखो अथवा न दुखो, डॉक्टरांना दाखवावा. प्रत्येक चट्टा कर्करोगाचा नसतो, बहुतेक नसतातच. पण जो असतो तो लवकर सापडला तर बरा होण्याची आशा मोठी असते, आणि उशिरा सापडला तर ती झपाट्याने घटते. माझ्या लहानपणी पणजी फार दूर होती. आज पत्रादेवी-कोलवाळ महामार्ग आपल्या दारावरून जातो आणि डिसेंबर 2022 पासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे रुग्णालय खुद्द धारगळात उभे आहे. दाखवावयास जागा नाही, असे म्हणण्याची सोय आता आपल्याला राहिलेली नाही.

येथे जमलेल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. जून आला की एखाद्या पहाटे मुलांना डबक्यापाशी न्यावे, भिंगातून अंडी दाखवावीत, आणि ती पाहून झाली की पुन्हा डबक्यात सोडून द्यावीत. गुरुजी तसेच करीत. मुलांपैकी कोणी ‘हे थांबणार कधी’ असे विचारले, तर आता त्याला उत्तर देता येईल. आणि एखाद्याने याहून अवघड काही विचारले, तर ‘मला ठाऊक नाही’ असे सांगण्याचा मोकळेपणाही असावा. मला प्राणिशास्त्राकडे नेले ते गुरुजींच्या त्याच उत्तराने.